समाचार

मराठीत 'समाचार घेणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. एक, आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याची आस्थेने विचारपूस करणे. आणि दुसरा, एखाद्याची यथेच्छ खरडपट्टी काढणे. शाळेत मास्तरांनी हे दोन अर्थ आम्हांला दोन निरनिराळ्या वाक्यांत उपयोग करून लिहायला लावले होते. पुढे आयुष्यात मी इतक्या इस्पितळांत इतक्या खाटांशेजारी बसलो, की ती दोन वाक्यं एकातच उरकता आली असती असं माझं मत झालं आहे.

स्पष्टच सांगतो, मला समाचाराला जायला आवडतं. कुणाला लग्नाला जायला आवडतं, कुणाला क्रिकेटच्या मॅचला. मला लग्नात करमत नाही. तिथे आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही कुणाला काय विचारायचं हा प्रश्नच असतो. पण अमका आजारी आहे अशी बातमी कानावर आली की माझ्या अंगात एक निराळंच बळ संचारतं. एरवी रविवारी दुपारी झोपमोड झाली तर घर डोक्यावर घेणारा मी, साडेतीनलाच चहा पिऊन, इस्त्रीचा सदरा चढवून दारात उभा असतो. पिशवीत अर्धा डझन मोसंबी. मोसंबी हे फळ खाण्यासाठी नसून नेण्यासाठी आहे हे मला फार लवकर कळलं. एकदा तर मी एका सहकाऱ्याला नेऊन दिलेली मोसंबी तिसऱ्या दिवशी माझ्या आजारी मेहुण्याच्या उशाशी सापडली. एकावर माझ्या बायकोने बाजारात दाबून पाहिल्याची खूणसुद्धा होती.

इस्पितळात गेल्यावर रोग्याच्या खाटेवर, पायथ्याशी, नेमकं त्याचं दुखणाऱ्या बाजूचं अंग असेल तिथं बसायचं. मग चेहरा जरा लांब करून विचारायचं,

"काय, कसं काय?"

"बरंय आता. ताप उतरलाय."

"उतरणारच हो. उतरतोच पहिल्यांदा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"नाही, काही नाही. आमच्या आत्तेभावाला अगदी हेच झालं होतं. त्याचाही असाच उतरला होता."

"मग?"

"मग काय! ईश्वरेच्छा. पण तुम्ही नका हो विचार करू. तुमचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. तसे त्याचेही चांगलेच होते म्हणा."

एवढं झाल्यावर रोग्याच्या चेहऱ्यावरून आपण घड्याळाकडे नजर वळवायची, "पुन्हा येतोच" असा दिलासा द्यायचा आणि उठायचं. खरी मजा पुढे आहे. त्या फिनेलच्या वासातून, खोकल्यांतून, रडक्या पोरांतून वाट काढत आपण इस्पितळाच्या फाटकाबाहेर येतो आणि तिथं सगळं जग जसंच्या तसं उभं असतं. टांगे, रिक्षा, शेंगदाणेवाला. हवा अशी छान लागते! आपले दोन्ही पाय टाकू तिथे पडताहेत, श्वास आत जातोय, बाहेर येतोय, कुणाची परवानगी लागत नाही. समोरच्या हॉटेलात गरम कांदाभजी तळत असतात. ती त्या दिवशी जितकी चांगली लागतात तितकी एरवी कधीच लागत नाहीत. माझा अनुभव असा, की रोग जितका गंभीर तितकी भजी खुसखुशीत.

'परदुःख शीतल' असं आपले पूर्वज म्हणून गेले. या म्हणीचा अर्थ आपण सहसा टीका म्हणून करतो. दुसऱ्याचं दुःख आपल्याला चटका देत नाही, असा. पण ज्या देशात वर्षातले आठ महिने घाम पुसण्यात जातात, तिथं शीतल ही काही वाईट गोष्ट नव्हे. वाळ्याच्या पडद्याला आपण शीतलच म्हणतो.

आणि मी काही एकटा नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायकांनी मिळून तिकिटं काढली. आमची सौ. निघताना दोन रुमाल घेऊन निघाली. एक स्वतःचा आणि एक माझा, जास्तीचा. आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे सुजलेले आणि चेहरे दिवाळीसारखे. "काय हो, कसा होता?" असं मी विचारलं, तर "इतकं रडलो, इतकं रडलो! फारच छान!" असं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात सौ. पुन्हा गेली. मी म्हटलं, "अगं, तिचे हाल तुला आता ठाऊक आहेत." त्यावर ती म्हणाली, "म्हणून तर." दुःखाच्या नाटकात माणसाला आनंद का होतो यावर भरतमुनींनंतर आपल्याकडच्या पंडितांनी शेकडो वर्षं वाद घातला. सगळेच रस आनंदरूप आहेत असं काश्मीरचे अभिनवगुप्त म्हणाले. करुणासारखे काही रस खरोखरच दुःख देतात असं 'नाट्यदर्पण' लिहिणाऱ्या रामचंद्र-गुणचंद्रांचं म्हणणं पडलं. हे दोघे आमच्या इमारतीच्या जिन्यात त्या संध्याकाळी उभे असते, तर वाद तिथंच मिटला असता.

हे सगळं गमतीचं चाललं आहे असं वाटेल. माझंही तसंच होतं, नाना भेटेपर्यंत. म्हणजे नाना भेटला होता पूर्वीच. आम्ही एकाच दिवशी एकाच बँकेत कारकून म्हणून चिकटलो, डोंबिवलीला एकाच इमारतीत राहिलो, तो दुसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्या, आणि रोज सकाळी एकाच लोकलच्या एकाच दांडीला लोंबकळलो. दोघांनाही बढती नव्हती, त्यामुळे मैत्री अगदी घट्ट होती.

१९८४ च्या पावसाळ्यात नाना मोरीत पाय घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खाली आणला, त्यात पुढचा उजवा पाय (खुर्चीचा) माझ्याकडे होता. इस्पितळात त्याच्या पायाला वजन बांधून तो दोरीने वर टांगून ठेवला. अडीच महिने. आणि ते अडीच महिने, सांगायला लाज वाटते, माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते.

मी काय केलं नाही? रात्री स्टुलावर बसून काढल्या. त्याचं भांडं उचललं. त्याच्या घरचं रेशन आणलं, रॉकेलच्या रांगेत उभा राहिलो, त्याच्या पोराची गणितं सोडवली. त्यातली काही बरोबरही आली. बँकेत साहेब मला थांबवून नानाची चौकशी करत. एरवी साहेबांना माझं नावसुद्धा आठवत नसे. इमारतीतल्या आजीबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, "असा मित्र मिळायला भाग्य लागतं रे बाबा." नाना तर एकदा माझा हात धरून रडला. मलाही रडू आलं. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

आणखी एक. नाना खाटेवर पडल्या पडल्या कंटाळायचा. बढतीची परीक्षा पुढच्या वर्षी होती, दोघांनीही फॉर्म भरला होता. म्हणून मी त्याला पुस्तकं नेऊन देऊ लागलो. लायब्ररीतून मीच आणायचो, मीच परत करायचो. एक पाय आढ्याकडे आणि छातीवर अर्थशास्त्र असा नाना मला अजून दिसतो.

शेवटी एक दिवस डॉक्टर म्हणाले, "उद्या वजन काढू या." माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्यात?"

नाना हसला. त्याला वाटलं मी काळजीने म्हणालो. मलाही तसंच वाटलं. पण तो काठी टाकून चालू लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडीतून उतरलो आणि पाय आपोआप इस्पितळाकडे वळले. फाटकापर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं, आत आपलं कुणी नाही. समोरच्या हॉटेलात शिरून भजी मागवली. तेलकट होती.

१९८५ साली बढतीची यादी लागली. नानाचं नाव सातवं होतं. माझं आठवं नव्हतं, नववं नव्हतं. खाली खाली पाहत गेलो तर शेवटी मॅनेजरची सही होती.

घरी येऊन मी सौ.ला म्हणालो, "नानाची सेवा करण्यात माझा अभ्यास राहिला." सौ. कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्याआधी दोनदा नापास झालात, तेव्हा कुणाचा पाय मोडला होता?"

पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला आमच्याकडे बावीस पायऱ्या होत्या. नानाचा पाय मोडला होता तेव्हा मी त्या दिवसातून दहादा चढायचो. आता त्या मला चार दिवस चढवेनात. पहिल्या दिवशी डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज त्यांच्याकडे गर्दी असेल, निवांत जाऊ. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. मी अमावास्या मानत नाही, पण नाना मानतो असं मला एकाएकी आठवलं. लोकलसुद्धा मी एक मागची पकडू लागलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. नानाच पेढ्यांचं खोकं घेऊन उभा.

"अरे ये, ये! मी येणारच होतो बघ. अभिनंदन!"

"पेढा घे आधी."

"वा! छान झालं. फारच छान झालं. आता बदली होईल, नाही?"

"होईल बहुतेक."

"विदर्भात टाकतील."

"टाकतील. जायला लागेल."

"पोराची शाळा बुडणार म्हणजे. आणि वहिनींच्या आई ठाण्याला एकट्या."

"हं."

"आणि पाय? तिकडच्या थंडीत मोडलेलं हाड ठणकतं म्हणतात. आमच्या आत्तेभावाचं…"

अवघ्या दोन मिनिटांत मी एका बढती मिळालेल्या माणसाचा रोगी करून टाकला होता. आणि बोलता बोलता माझ्या अंगात ते जुनं बळ पुन्हा संचारत होतं! चार दिवसांनी पहिल्यांदाच मला नानाविषयी माया वाटली. मी त्याचा खांदासुद्धा थोपटला. नानाने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण हळूच लावलं आणि तो उठला. जिना चढताना तो किंचित लंगडतोय असा मला भास झाला.

बदली चंद्रपूरला झाली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणारं गाव. झालं, मी सुतळी, गोणपाट आणि खोकी घेऊन दुसऱ्या मजल्यावर हजर! बावीस पायऱ्या किती वेळा चढलो-उतरलो त्याची गणती नाही. भांडी कागदात गुंडाळली, पलंगाचे पाय सोडवले, टेम्पोवाल्याशी घासाघीस केली. मध्येच वहिनींना चंद्रपूरच्या उन्हाळ्याची माहिती देऊन धीर देत होतो. सामान चढलं. मी टेम्पोवर उभा राहून दोरी आवळत होतो आणि खालून नाना माझ्याकडे पाहत होता. एकाएकी म्हणाला,

"पायाला अडीच महिने आलास रे. पेढ्याला तुला बावीस पायऱ्या चढवल्या नाहीत."

रागाने नाही. अगदी साध्या आवाजात. मग हसला आणि म्हणाला, "ती गाठ घट्ट मार, घाटात सुटायची."

मी गाठ मारली. हाताला दोरीचा वळ उठला तो दोन दिवस होता. माझा समाचार घेतला होता त्याने, दोन्ही अर्थांनी.

हा वळ नंतर कधी कधी हुळहुळायचा, पण त्याचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं. ते माझ्या भाचीने सांगितलं. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला मी ही हकिकत एका मित्राची म्हणून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही किती मार्कांनी नापास झालात?"

तिने सांगितलं ते असं. २००९ साली जपानमधल्या संशोधकांनी काही माणसांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात आडवं केलं आणि त्यांना काही काल्पनिक माणसांच्या गोष्टी वाचायला दिल्या. एक माणूस आपल्यासारखाच, आपल्याच वाटेवरचा, पण आपल्यापेक्षा हुशार. ते वाचताना मेंदूचा जो भाग शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होतो, तोच जागा झाला. म्हणजे पोटात दुखतं असं आपण म्हणतो ते फारसं चुकीचं नाही, फक्त जागा थोडी वर आहे. पुढे त्याच माणसावर काही आपत्ती येते असं वाचायला दिलं, तर गोडधोड मिळाल्यावर खूश होणारा मेंदूचा भाग जागा झाला. आणि ज्याला आधी जास्त दुखलं होतं, त्याला नंतर जास्त गोड लागलं. "दुसरा माणूस वेगळ्या वाटेवरचा असला, तर तो कितीही पुढे असो, इतकं दुखत नाही," भाची म्हणाली. हे मला तत्काळ पटलं. टाटांनी आणखी एक कारखाना काढला म्हणून मी कधी लोकल चुकवली नाही. टाटा माझ्या दांडीला लोंबकळत नव्हते.

"पण मी त्याला वाईट काही बोललो नाही," मी म्हटलं. मित्राची गोष्ट केव्हाच माझी झाली होती. "उलट त्याची काळजीच केली."

"तुमची जात सापडली आहे मामा," ती म्हणाली. अमेरिकेत शेली गेबल नावाच्या बाई आहेत. कुणी आपल्याला आनंदाची बातमी सांगितली की आपण चार तऱ्हांनी वागतो असं त्यांनी मांडलं आहे. कुणी मनापासून उसळून विचारपूस करतो; कुणी नुसतं "छान" म्हणून गप्प बसतो; कुणी ऐकलं न ऐकलं करून स्वतःचंच काही सांगू लागतो; आणि कुणी फार रस घेऊन, आस्थेने, त्या बातमीतली खोट शोधून काढतो. ही चौथी जात माझी. २००६ साली त्यांनी एकमेकांवर प्रेम करणाऱ्या जोड्यांवर अभ्यास केला. जोडी टिकते की मोडते याचा अंदाज कशावरून जास्त येतो, तर दुःखाच्या वेळी कोण कसं वागलं यापेक्षा आनंदाच्या वेळी कोण कसं वागलं यावरून.

मी सौ.कडे पाहिलं. ती भाचीला आणखी पोहे वाढत होती. आमची जोडी टिकली याचं कारण बहुधा तिला सांगण्यासारखी आनंदाची बातमी माझ्यामुळे फारशी आली नाही हे असावं.

सगळ्यांत राग आला तो अ‍ॅडम स्मिथचा. या माणसाला मी बँकेच्या परीक्षांसाठी तीन वेळा पाठ केला होता. १७७६ साल, राष्ट्रांची संपत्ती, टाचण्यांचा कारखाना, श्रमविभागणी. त्याने त्याच्या सतरा वर्षं आधी, १७५९ साली, माणसाच्या नीतिभावनांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आहे, हे आमच्या अभ्यासक्रमात कुणी घातलं नाही. त्यात तो म्हणतो की एकाएकी नशीब उघडलेल्या माणसाने समजून असावं, त्याच्या जिवलग मित्रांची अभिनंदनंसुद्धा सगळी निखळ नसतात; मत्सर मध्ये येतो. शहाण्या माणसाला हे कळतं, म्हणून तो आनंद लपवून जास्तच नम्रपणे वागतो. आता आठवतं, नानाने बढतीनंतर चार दिवस नवा सदरासुद्धा घातला नव्हता. तो पास झाला आणि मी नापास, ते काही उगीच नव्हे.

भाची गेल्यावर मी दोन दिवस जरा उदास होतो. उदास म्हणजे असं, की नानाच्या पायाशी काढलेल्या त्या रात्रीच मला खोट्या वाटू लागल्या. ते स्टूल, ते भांडं, तो धरलेला हात. आपण हे सगळं नानासाठी केलं, की आजीबाईंच्या हातासाठी? की नाना आडवा आहे आणि आपण उभे, एवढ्यासाठीच? शेवटी मी हे सौ.ला बोलून दाखवलं. चाळीस वर्षांनी बोलून दाखवलं म्हणजे तसं लवकरच.

ती म्हणाली, "नानांचं भांडं तुम्ही उचलत होतात ना?"

"हो."

"रात्री किती वेळा?"

"दोनदा-तीनदा."

"मग तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं त्याच्याशी नानांना काय करायचं होतं? त्यांना भांडं हवं होतं."

मला एकदम हॉब्ज आठवला. म्हणजे तोही भाचीनेच सांगितलेला. माणूस मुळात स्वार्थी असं मानणारा म्हणून तो इंग्रज प्रसिद्ध. जॉन ऑब्री नावाच्या त्याच्या स्नेह्याने त्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यात एका जर्जर म्हाताऱ्याने हात पसरला, तर हॉब्जने कळवळून त्याला सहा पेनी दिले. शेजारी एक पाद्री होता. त्याने टोकलं, की धर्माची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्याचे हाल बघून मला त्रास होत होता, आता त्याला थोडं बरं वाटलं तसं मलाही वाटलं. पाद्री त्यावर काय म्हणाला ठाऊक नाही. म्हातारा मात्र तोपर्यंत सहा पेनी घेऊन गेला असावा. तो काही यांची चर्चा संपायची वाट बघत उभा राहिला नसेल.

तर ते एक असो. पण भांड्याचा हिशेब लागला तरी पेढ्याचा लागत नव्हता. नाना चंद्रपूरहून नागपूरला, तिथून पुण्याला असा फिरत फिरत निवृत्तीनंतर ठाण्याला स्थायिक झाला. आमचं जाणंयेणं होतं. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी गेलो. वहिनींचा गुडघा बदलला, मी गेलो. त्याच्या पोराने फ्लॅट घेतला तेव्हा मात्र माझ्या पोटात गडबड होती. खरोखरच होती, सौ. साक्षीला आहे.

मध्यंतरी एका सकाळी आमचा नातू मोबाईल बघत बघत माझ्यापाशी आला. तो सी. ए.च्या परीक्षेला बसला होता. त्याचं तोंड बघून मी निकाल विचारला नाही. आमच्या घराण्यात ते तोंड ओळखीचं आहे. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "नानाआजोबांची नात पास झाली."

मला चटकन डोकं दुखायला लागलं. मी आत जाऊन गोळी शोधली आणि गोळी हातात धरून उभा राहिलो. मग ती परत डबीत टाकली, सदरा चढवला आणि बाहेर पडलो. सौ.ने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "ठाण्याला." तर ती सवयीने फळांची पिशवी आणायला आत गेली.

पेढे कोपऱ्यावरच घेतले. अर्धा किलो. दुकानदाराने "काय आजोबा, नातू पास?" असं विचारलं. त्याला उत्तर दिलं नाही. डोंबिवली स्टेशनात एक गाडी सोडली, गर्दी होती. दुसरीही सोडली, तिला विशेष गर्दी नव्हती. तिसरीत चढलो. ठाण्याला नाना सातव्या मजल्यावर राहतो. बावीस पायऱ्यांचा तिथं प्रश्न नाही, लिफ्ट आहे. चढायला काही निमित्तच उरत नाही.

घंटा वाजवली. वहिनींनी दार उघडलं, मला बघितलं आणि त्यांचा हात एकदम छातीवर गेला.

"अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही वहिनी. सहज आलो."

"नाही, तुम्ही सहज नाही यायचे. अहो, बाहेर या, हे आलेत. बसा, आधी पाणी घ्या. धीराने सांगा."

नाना काठी टेकत बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे.

"मोसंबी?"

"पेढे."

"कशाचे?"

"तुझी नात पास झाली म्हणून. सकाळी कळलं, तसाच आलो."

नाना माझ्याकडे बघतच राहिला. मग खुर्चीत बसला, मलाही बसवलं. खोकं स्वतःच उघडून एक पेढा तोंडात टाकला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"आणि तुझा नातू रे? तोही होता ना यंदा?"

"राहिला."

"अरे अरे!" नाना एकदम सरसावून बसला. "फार वाईट झालं. आणि हा कितवा प्रयत्न?"

"दुसरा."

"दुसरा म्हणजे… नाही, काही नाही. मुलं मनाला फार लावून घेतात या वयात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एकाचं अगदी असंच झालं होतं." त्याच्या गालांवर चांगला रंग चढला होता. काठी बाजूला ठेवून त्याने माझा हात धरला, दुसऱ्या हाताने खोक्यातला आणखी एक पेढा उचलला. "जेवतो ना नीट? त्याच्यावर लक्ष ठेव हो. मी येतो उद्या भेटायला."

"एकच हं," आतून वहिनी म्हणाल्या. "साखर आहे तुम्हांला."

नानाने तिसरा उचलला.